पेल्यातील सोमल : मल्हारराव गायकवाड यांचे चरित्र

स्मरणिकेत चरित्र लिहावयाचे तर ते थोर पुरुषाचे असावे असा संकेत आहे. तथागत, महात्मा फुले, राजर्षी शाहू, माता रमाई आणि बाबासाहेब यांच्या चरित्रांनी अशा अंकांची पाने नेहमीच उजळलेली असतात. आम्ही मात्र या वेळी ज्यांचे चरित्र निवडले आहे ते थोर नव्हते. ते राजे होते, आणि राजे म्हणूनही चांगले नव्हते. त्यांचे नाव मल्हारराव गायकवाड. १८७० ते १८७५ अशी अवघी पाच वर्षे ते बडोद्याच्या गादीवर होते आणि एका काचेच्या पेल्याच्या तळाशी उरलेल्या चिमूटभर गाळामुळे त्यांचे नाव सबंध हिंदुस्थानात आणि विलायतेत गाजले.

हा विषय आम्हांला सुचला तो विद्यालयाच्या प्रयोगशाळेत. घरातील विषारी पदार्थ कोणते आणि ते ओळखतात कसे, या विषयावर मुलांकडून तक्ता करून घेताना एका मुलाने विचारले की, विष सापडले म्हणजे गुन्हेगारही सापडला, असे असते का? प्रश्न साधा होता. उत्तर देताना आम्हांला बडोद्याचे प्रकरण आठवले. शिवाय पेण-रोहा परिसरातील आपले कित्येक माजी विद्यार्थी आज धाटावच्या रासायनिक कारखान्यांत आणि नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात नमुने तपासण्याचेच काम करतात. त्यांना ही हकीकत आपल्या धंद्यातली वाटेल. आणि आंबेडकरी वाचकाला या हकीकतीशी आपला संबंध काय, हे पुढे ओघाने येईलच.

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. वडील दुसरे सयाजीराव गायकवाड. गायकवाडांचे घराणे मूळचे पुणे प्रांतातील दावडीचे. अठराव्या शतकात पिलाजी आणि दमाजी यांनी गुजरातेत सत्ता उभी केली, आणि पुढे इंग्रजांच्या तहांनी ती राखली व जखडलीही. दुसऱ्या सयाजीरावांच्या मागे थोरले पुत्र गणपतराव, त्यांच्यानंतर १८५६ साली खंडेराव गादीवर आले. खंडेरावांना औरस पुत्र नव्हता, म्हणून पुढचा वारस मल्हारराव. राजवाड्यात अशा वारसाचे आयुष्य सुखाचे नसते. खंडेरावांचा जीव घेण्याचा कट केला असा आरोप ठेवून १८६३ साली मल्हाररावांना पादऱ्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. तेथे ते सात वर्षे होते. आरोप खरा की खोटा याची उघड चौकशी कधी झाली नाही. सख्ख्या भावाच्या शब्दावर माणूस सात वर्षे कोंडला गेला. ही गोष्ट त्यांच्या पुढील वर्तनाचे समर्थन करीत नाही, पण ते वर्तन समजून घेताना ती विसरूनही चालत नाही.

१८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि कैदखान्यातला माणूस एकदम गादीवर आला. तेही पुरते नव्हे. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांना गादी सोडावी लागली असती. जमनाबाईंनी आपल्या जिवाच्या भीतीने इंग्रज रेसिडेंटाचा आश्रय घेतला. १८७१ च्या जुलैमध्ये त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. जमनाबाई पुढे पुण्यास जाऊन राहिल्या. त्यांची आठवण वाचकांनी ठेवावी. शेवटी त्याच पुन्हा बडोद्यास येणार आहेत.

मल्हाररावांच्या कारभाराविषयी फार लिहिण्याची आम्हांला इच्छा नाही, कारण त्यात सांगण्याजोगे चांगले थोडे आहे. खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतविल्या होत्या, मल्हाररावांनी सोन्याच्या ओतविल्या. रयतेवर साऱ्याचा बोजा वाढला, सावकारांकडून पैसा उकळण्यात आला, आधीच्या राजवटीतील माणसांचा सूड घेण्यात आला. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात मरण पावले आणि त्यांना विष दिल्याची कुजबूज झाली. गरीब घरच्या बायकांना बळाने राजवाड्यात दासी म्हणून ओढून नेल्याच्या तक्रारी होत्या. या तक्रारींच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने १८७३ साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले. बऱ्याच तक्रारींत तथ्य आढळले आणि कारभार सुधारण्यासाठी मल्हाररावांना १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत देण्यात आली. दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी यांना आणण्यात आले. त्यांनी प्रयत्न केले, परंतु एकीकडे राजाचे दरबारी आणि दुसरीकडे हट्टी रेसिडेंट यांच्यामध्ये त्यांचे फारसे चालले नाही.

हा हट्टी रेसिडेंट म्हणजे कर्नल रॉबर्ट फेअर. १८७३ च्या मार्चमध्ये तो बडोद्यास आला. मल्हाररावांविरुद्ध जो कोणी तक्रार घेऊन येईल त्याला रेसिडेन्सीचे दार उघडे, असा त्याचा खाक्या होता. तक्रारी खऱ्या होत्या म्हणून दार उघडे ठेवणे योग्यच होते, असे आमचे मत आहे. पण न्याय करणाऱ्याने पक्षकार होऊन चालत नाही. १८७४ च्या मेमध्ये मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला आणि ऑक्टोबरात त्यांना पुत्र झाला. लक्ष्मीबाई ही आधीच दुसऱ्याची पत्नी आहे असा दावा पुढे आला होता, म्हणून फेअरने ना तो विवाह मानला, ना तो वारस. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेअरला बदलण्याची विनंती केली. त्यानंतर एका आठवड्याने पेल्याचा प्रसंग घडला.

९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. फेअर नेहमीप्रमाणे फिरून परतला. रोज सकाळी पपनसाच्या रसाचे सरबत पिण्याचा त्याचा नेम होता. पेला टेबलावर तयार होता. त्याने दोन-तीन घोट घेतले, चव बरी वाटली नाही, म्हणून पपनस खराब असेल असे समजून उरलेले सरबत खिडकीबाहेर ओतून दिले. थोड्या वेळाने मळमळ सुरू झाली, डोके गरगरू लागले. आधीच्या दोन-तीन दिवसांतही त्याला असेच होत होते. पेला खाली ठेवताना त्याचे लक्ष तळाशी गेले. तेथे काळपट गाळ साचला होता.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण पुढचे सारे प्रकरण या एका क्षणावर उभे आहे. फेअरने तो पेला धुवावयास दिला नाही. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड यांना चिठ्ठी पाठवून बोलावले आणि पेला जसाच्या तसा त्यांच्या हाती दिला. ज्याने सरबत ओतून दिले त्यानेच गाळ जपला. आमच्या गावांत विषबाधा झाली की घरची माणसे घाईने ओकारी पुसतात, भांडी घासतात, पुडी चुलीत टाकतात. लाज असते, भीती असते, पोलिसांचा धाक असतो. हे सर्व आम्ही समजतो. पण दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो काय पोटात गेले हाच. उंदीर मारण्याचे औषध असेल तर त्यातही झिंक फॉस्फाईडची काळी-करडी पूड वेगळी, पिवळ्या फॉस्फरसाचा मलम वेगळा आणि रक्त गोठू न देणारे औषध आणखी वेगळे. भातावर फवारण्याचे औषध असेल तर त्यावरचा उपचार तिसराच. पुडी, बाटली, झाकण, जे हाती लागेल ते रुग्णाबरोबर न्यावे. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेले असेल तर त्याने अधिकच घात होतो. हे चरित्रात सांगण्याचे नव्हे, पण पालक हा अंक वाचणार आहेत.

डॉ. सीवर्ड यांनी गाळाची प्राथमिक परीक्षा बडोद्यातच केली आणि त्यांना सोमलाचा संशय आला. मग गाळ मोहोरबंद करून मुंबईस पाठविण्यात आला. मुंबई सरकारचे केमिकल ॲनालायझर म्हणून त्या वेळी डॉ. ग्रे काम पाहत होते.

सोमल, म्हणजे पांढरे आर्सेनिक, हे त्या काळचे घरोघरचे विष. घुशी-उंदरांसाठी, जनावरांच्या खरजेसाठी, वैद्यांच्या मात्रांसाठी ते बाजारात मिळे. त्याला वास नाही, चव जवळजवळ नाही, दिसते पिठासारखे. आणि त्याने होणारे जुलाब-ओकाऱ्या हुबेहूब पटकीसारख्या असतात. पटकीच्या साथीच्या दिवसांत सोमलाने गेलेला माणूस साथीतच गेला असे गाव समजे. म्हणून शतकानुशतके सोमल घालणारा सापडत नसे. युरोपातही तेच होते. १८३२ साली इंग्लंडात एका नातवावर आजोबाला कॉफीतून सोमल दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श नावाच्या रसायनज्ञाने तपासणी करून पिवळा साका काढला, पण न्यायालयात दाखवीपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. मार्शच्या मनाला ते लागले. त्याने चार वर्षे खपून १८३६ साली नवी रीत प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ जस्त आणि सल्फ्युरिक आम्लाबरोबर ठेवावयाचा. त्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू बनून हायड्रोजनबरोबर बाहेर पडतो. तो वायू तापविलेल्या काचेच्या नळीतून सोडला की नळीच्या थंड भागावर आर्सेनिकचा काळा चकचकीत आरसा जमतो. तो आरसा नळीत बंद करून ज्यूरीच्या हातात देता येतो. हा वायू स्वतःच अतिशय विषारी असल्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग आम्ही करू देत नाही. १८४१ साली राइन्श याने याहून सोपी रीत दाखविली : हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना उकळून त्यात तांब्याची स्वच्छ पट्टी बुडवावयाची, आर्सेनिक असेल तर पट्टीवर काळसर थर चढतो. बडोद्याचा गाळ मुंबईस पोचला तेव्हा ही विद्या अशी चांगली तीस-चाळीस वर्षांची मुरलेली होती.

डॉ. ग्रे यांना गाळात सोमल सापडला. त्याखेरीज आम्लात न विरघळणारे, सूक्ष्मदर्शकाखाली लखलखणारे कण सापडले. ते काचेचे, गारगोटीचे की हिऱ्याचे, याविषयी प्रथम निश्चित मत देता येत नव्हते. पुढे मत हिऱ्याच्या बाजूने पडले. दरम्यान फेअरला एक गुप्त खबर मिळाली होती की, विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे असे तिन्ही घातले होते. प्रयोगशाळेत तांबे सापडले नाही. हा तपशील लहान दिसतो, पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने त्याकडे पाहिल्यावाचून राहू नये. तपासणाऱ्याला काय शोधावयाचे ते आधी कोणी सांगावे का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. आणि सांगूनही तांबे नसल्यास नाही असे लिहिणारा तपासनीस आपल्याला आवडतो.

हिऱ्याच्या पुडीविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. हिरकणी खाल्ली की आतडी कातरली जाऊन मरण येते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि नाटक-सिनेमांनी ती पक्की केली आहे. रसायनदृष्ट्या हिरा म्हणजे कार्बन. पोटातील कोणत्याही रसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि त्याच्या बारीक पुडीने माणूस विषबाधेने मरत नाही. पेल्यातील घातक पदार्थ होता तो सोमलच. पण सोमल कोणाही भिकाऱ्याच्या हाती लागू शकतो. हिरे मात्र राजवाड्यातच कुटले जाणार. म्हणून विष म्हणून निरुपयोगी असलेली हिऱ्याची पूड पुरावा म्हणून सर्वांत भारी ठरली.

फेअरची बदली होऊन त्याच्या जागी सर लुईस पेली आले. मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर आपली माणसे घेऊन बडोद्यात उतरले. रेसिडेन्सीतील नोकरांना पकडण्यात आले : हवालदार रावजी, जमादार नरसू, आया अमिना. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. त्याने माफीच्या वचनावर कबुली दिली की, महाराजांनी आपल्याला बोलावून पुड्या दिल्या आणि त्या आपण सरबतात कालविल्या. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत पहाऱ्यात राहून, तसेच माफीचे वचन घेऊन, माफीचे साक्षीदार झाले. सोमल आणि हिरे मिळविल्याचे त्यांनी सांगितले. राजवाड्याच्या हिशेबाच्या वह्यांत काही नोंदींवर शाई सांडलेली आढळली. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली. स्वतंत्र म्हणविणाऱ्या संस्थानाचा राजा परक्या सत्तेचा कैदी झाला. त्याच सुमारास दादाभाईंनीही दिवाणगिरी सोडली.

फेब्रुवारीच्या २३ तारखेस कमिशनचे काम सुरू झाले. सहा सभासद होते. तीन इंग्रज : बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच, कर्नल मीड आणि मेलव्हिल. तीन हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. मल्हाररावांनी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन या नामांकित बॅरिस्टरास प्रचंड फी देऊन आणले. बॅलंटाइनने डॉ. ग्रे यांच्या तपासणीतील सोमल नाकारला नाही. त्याने विचारले ते वेगळेच. सोमलाची पुडी पट्ट्यात इतक्या सोयीने कशी सापडली? माफीचे वचन मिळेपर्यंत साक्षीदार गप्प आणि मिळाल्यावर बोलका, हे कसे? रेसिडेंटाला हलविण्याची विनंती ज्याने आठवड्यापूर्वीच रीतसर केली आहे, तो त्याच रेसिडेंटाला विष घालून आपलाच दावा का बुडवील? एका जवाहिऱ्याची आधीची जबानी कमिशनसमोर फिरली. नोकरांच्या साक्षी एकमेकींशी सर्वत्र जुळत नव्हत्या.

३१ मार्चच्या सुमारास काम संपले. तिघा इंग्रजांनी मल्हारराव दोषी असल्याचे मत दिले. तिघा हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाला नाही असे मत दिले. एकाच पेल्यातला तोच सोमल सहाही जणांनी मान्य केला आणि तरी निकाल तीन-तीन असा दुभंगला. पेल्यात काय आहे ते प्रयोगशाळेने सांगितले होते. ते कोणी घातले हे सांगणारी माणसे होती, आणि माणसांची परीक्षा करण्यास मार्शची नळी उपयोगी पडत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी याच शब्दांत दिले.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, उपलब्ध पुराव्यावर आम्हीही त्या तिघा हिंदी सभासदांच्या बाजूने बसलो असतो. ते तिघे संस्थानी वर्तुळातले होते, आपल्यासारख्या राजाला वाचविण्याकडे त्यांचा कल असणार, हे आम्ही जाणतो. मल्हारराव प्रजेला छळणारे होते हेही आम्ही वर लिहिले आहे. परंतु माणूस वाईट आहे एवढ्यावरून अमुक एक गुन्हा त्यानेच केला असे ठरत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कोणाच्या अधिकारावर विश्वास न ठेवता स्वतः पारखून घ्यावयास सांगितले, ते आवडत्या माणसांपुरते सांगितले नव्हते.

आणि आपल्या समाजाने तर या बाबतीत अधिकच काटेकोर असले पाहिजे. ज्या काळात बडोद्याच्या महाराजांसाठी विलायतेहून बॅरिस्टर येत होता, त्याच काळात गावोगावच्या सोमलाचा आरोप कोणावर येत होता? गोठ्यात बैल मेला की संशय जाई तो मेलेले जनावर ओढणाऱ्यांवर. कातड्यासाठी सोमल देऊन जनावरे मारतात, असा आळ उत्तर हिंदुस्थानात चर्मकार समाजावर सरसकट घेतला गेला. सरकारी कागदपत्रांत सबंध जातीची जात विष घालणारी म्हणून रंगविली गेली. इकडेही तो आळ महारवाड्यांच्या दारापर्यंत येतच असे. जनावराचे जठर कोणी मोहोरबंद करून मुंबईस पाठवीत नव्हते. पुढे पशुवैद्यकाने दाखवून दिले की गुरे साथीने मरत ती बहुतेक बुळकांडीने. १९०४ साली विषांच्या विक्रीवर सबंध हिंदुस्थानसाठी कायदा आला, त्यामागेही जनावरांना सोमल घातल्याच्या या ओरडीचा हात होता. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडास, म्हणजे आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. त्या एका निर्णयाने आपल्या माणसांच्या डोक्यावरचे जे अनेक कलंक उतरले, त्यांत सोमलाचा हा आळही होता, याकडे आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे. आजही रायगडच्या एखाद्या पाड्यावर मूल ओकून दगावले की करणी केल्याचा संशय एखाद्या एकट्या म्हातारीवर जातो. धोत्र्याचे बी, पिवळ्या कण्हेरीची बी, शेंगदाण्यासारखे दिसणारे मोगली एरंडाचे बी मुलाच्या पोटात गेले होते की काय, हे विचारण्याची बुद्धी नंतर होते.

आजची व्यवस्था त्या दिवसांहून पुष्कळ पुढे गेली आहे. पेणच्या किंवा रोह्याच्या रुग्णालयात संशयित मृत्यू झाला की शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर, आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीबंद करतात. वर्तमानपत्रात व्हिसेरा राखून ठेवला असे जे वाचतो ते हेच. बरणीला मोहोर, मोहोरेचा नमुना वेगळ्या कागदावर, नेणाऱ्या शिपायाची नोंद. आणि मग न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. तेथे कीटकनाशकाचा अंश पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर ठिपक्याच्या रूपाने वर चढतो. उंदराच्या औषधातून निघणारा फॉस्फिन वायू सिल्व्हर नायट्रेटचा कागद काळा करतो. पूर्वी धोत्र्याचा अर्क ओळखण्यासाठी त्याचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बाहुली विस्फारते का ते पाहत. आता ते रसायनांनी आणि यंत्रांनी कळते. २०१८ साली पेणच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात महड येथे वास्तुशांतीच्या जेवणातून विषबाधा होऊन लहान मुलांसह काही जणांचे प्राण गेले. आरंभी ती शिळ्या अन्नाची बाधा वाटली होती. तपासात कीटकनाशक निघाले. मोहोर नीट नसेल, नोंद तुटलेली असेल, तर उत्तम यंत्राचा अहवालही न्यायालयात टिकत नाही. फेअरचा पेला सीवर्डकडे, सीवर्डकडून ग्रे यांच्याकडे कसा गेला, हे बडोद्याच्या कमिशनसमोर बारकाईने विचारले गेले ते याचसाठी.

मल्हाररावांच्या निकालाचे काय झाले? सरकार अडचणीत सापडले. दोषी म्हणावे तर निम्मे सभासद विरुद्ध, निर्दोष म्हणावे तर अटकच चुकीची. शेवटी १८७५ च्या एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला. विषप्रयोगाच्या आरोपावर नव्हे, तर एकंदर गैरवर्तन आणि कुशासन यांवरून त्यांना पदच्युत करण्यात आले. कुशासनाचा आरोप खराच होता. परंतु त्या कारणासाठी दिलेली मुदत संपावयास अजून आठ महिने होते. महाराष्ट्रात त्यावर मोठा क्षोभ झाला. आपल्या जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी पदच्युतीविरुद्ध भाषणे केली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. छळलेल्या रयतेची बाजू घेऊन त्या वेळी कोणी भाषणे केली का, याचा शोध आम्ही अजून घेत आहोत.

मल्हाररावांना मद्रासेस नेऊन ठेवण्यात आले. गादीसाठी दत्तक घेण्याचा अधिकार जमनाबाईंना मिळाला. त्या पुण्याहून परतल्या. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाडांच्या शेतकरी शाखेतील बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव त्यांनी निवडला. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक झाला आणि तिसरे सयाजीराव म्हणून गादीवर बसला. सर टी. माधवरावांनी त्याच्या वतीने कारभार पाहिला. १८८१ च्या डिसेंबरात त्यास पूर्ण अधिकार मिळाले. या राजाने सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रथम अमरेलीत १८९३ साली आणि नंतर १९०६ साली सर्व संस्थानात लागू केले. याच राजाने एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्यास दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले. १९१७ साली भीमराव नोकरीसाठी बडोद्यास परतले तेव्हा त्याच शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले. ती कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते.

पेल्याचा तो गाळ धुतला गेला असता तर काय झाले असते, असे प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारू नयेत असे आम्ही वर्गात सांगतो, आणि स्वतः मात्र विचारतो. मल्हाररावांची मुदत कदाचित पुरी झाली असती, कदाचित त्यांचा पुत्र वारस ठरला असता, कवळाण्याचा गोपाळराव शेतातच राहिला असता. सोमल कोणी घातला ते आजही कोणास ठाऊक नाही.

मद्रासेत मल्हारराव सात वर्षे राहिले. पादऱ्याच्या तुरुंगातही तितकीच वर्षे गेली होती. मधली चार-पाच वर्षे तेवढी राज्याची. १८८२ साली ते तेथेच वारले. त्याच सुमारास बडोदे संस्थानात सयाजीरावांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडावयास घेतल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवावयास तयार होईनात, म्हणून पहिल्या शाळांवर मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पाटी-पुस्तके सरकारातून देण्यात आली.